लहान गावातल्या शाळेचा निकाल कसा वाचावा

वर्गात आठच मुलं असतील, तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. एकाने तापात पेपर दिला आणि नापास झाला, की निकाल 100 वरून 87.5 वर येतो. लगेच 'घसरण' अशी नोंद होते, शिकवणं मात्र तेच असतं. पटसंख्या चौपट असेल तर सरासरीचे हेलकावे निम्मे होतात. म्हणून गुणवत्ता यादीच्या अगदी वर आणि अगदी तळाला बहुतेक छोट्या शाळा सापडतात.

निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र करा. टक्केवारींची सरासरी मात्र काढू नका. 3 पैकी 3, 10 पैकी 5 आणि 12 पैकी 6 पास झाले असतील, तर खरा निकाल 25 पैकी 14, म्हणजे 56 टक्के. टक्क्यांची सरासरी तोच 67 च्या जवळ दाखवते.

खरी माहिती मुलागणिक यादीतच मिळते. प्रत्येकाला एकेकटं बसवून पाच मिनिटं द्या. आधी चार ओळींचा सोपा उतारा वाचायला द्या. अडखळलं तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. सहज वाचलं तर मोठी गोष्ट. उतारा पाठ्यपुस्तकातला नको. धडे पाठ असतात, बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर असतं!

गणितात 52 − 27 द्या. उत्तर 35 आलं, तर मूल लहान अंक मोठ्यातून वजा करतंय. हातचा त्याला कळलेलाच नाही. आणखी वीस गणितं सोडवून घेऊन काही होणार नाही. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या करा आणि एक जुडी त्यालाच सोडायला लावा.

यादीत गैरहजेरीचा रकाना हवाच. 200 दिवसांत 20 खाडे ही धोक्याची खूण. नुसता आकडा पुरत नाही, तारखाही पाहा: सुगीत सलग दिवस बुडले असतील तर तो भाग नंतर पुन्हा घ्यावा लागतो; दर आठवड्याला तोच वार बुडत असेल तर घरी जाऊन विचारावं लागतं.

मग रोज एक तास इयत्ता विसरून पातळीनुसार गट करा. एका गटाला वीस मिनिटं शिकवताना बाकीचे जोडीने वाचतील. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून गट बदला, नाहीतर 'कच्चा' हा शिक्का कायमचा बसतो. सहावीचा मुलगा दुसरीच्या मुलांत बसवला तर तो तोंडच उघडत नाही. त्याला शब्द सोपे पण विषय त्याच्या वयाचा असा मजकूर वेगळा लिहून द्या.