गाडी खाली आली, लॅप टाइम तिथेच: सस्पेन्शन बदलताना या चुका टाळा

पहिल्यांदा सस्पेन्शन बदलून गाडी ट्रॅकवर नेली तेव्हा मी भलताच खुशीत होतो. चाक आणि फेंडरमधली फट दोन बोटांवर आली होती, वळणात गाडी झुकत नव्हती आणि प्रत्येक खड्ड्यात पाठीचा मणका ग्वाही देत होता की खाली काहीतरी ‘रेसिंग’चं बसवलंय. स्टॉपवॉचला मात्र यातलं काहीच पटलं नाही. त्यात भर म्हणजे एका लांब वळणात, डांबराला हलकीशी लाट होती तिथे, मागचा भाग काही कळायच्या आत सटकला. पिटमध्ये चाक काढून पाहिलं तर बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दबून आपटू नये म्हणून असलेला मऊ ठोकळा, चेपून चेपून भेगाळला होता. माझी गाडी स्प्रिंगवर चालतच नव्हती, त्या ठोकळ्यावर चालत होती.

पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ याच ठिकाणी आहे. सस्पेन्शनचं काम टायर जमिनीवर टेकवून ठेवणं. त्यासाठी चाकाला वर-खाली व्हायला जागा लागते, म्हणजे ट्रॅव्हल. ही आपली खरी पुंजी, आणि आपण ती सगळ्यात आधी दिसण्यावर उधळतो.

जुन्या शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंग

जुना शॉकअप तसाच ठेवून गाडी खाली आणणारी आखूड स्प्रिंग घालणं: सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात जास्त होणारी चूक. हिशेब करून बघा. समजा मूळ गाडीत बंप स्टॉपला टेकण्याआधी शॉकअपला ५० मिलिमीटर जागा होती. शॉकअपपाशी मोजून गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, तर उरले २०. पूर्वी ज्या जोराने ५० मिलिमीटर वापरले जायचे, तोच जोर आता २० मध्ये सोसायचा, तर स्प्रिंग अडीचपट कडक हवी. लोअरिंग स्प्रिंगा इतक्या कडक नसतात. असत्या तर त्या गाडीतून रोज कामाला कोणी गेलं नसतं. मग उरलेलं काम बंप स्टॉप करतो. तो दाबला जाईल तसा झपाट्याने कडक होत जातो. सरळ रस्त्यावर हा फक्त धक्का वाटतो. ऐन वळणात तो एका टोकाला टेकला, की त्या टोकाचा कडकपणा क्षणात वाढतो आणि ग्रिप पळते. पुढे टेकला तर गाडीचं नाक बाहेर जातं, मागे टेकला तर माझ्यासारखं होतं.

दुसरी बाजू शॉकअपची. दाबलेल्या स्प्रिंगला उसळताना आवर घालणं हे त्याचं काम. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तेवढाच आवर घालायला सुमारे १.४ पट डॅम्पिंग (हालचाल रोखणारा विरोध) लागतं. आधीच ६०-७० हजार किलोमीटर पळालेल्या शॉकअपकडून ही अपेक्षा ठेवणं म्हणजे निवृत्तीला आलेल्या माणसाला बढती देण्यासारखं. स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने घ्या. पैसे एकाचेच असतील तर मी चांगला शॉकअप घेईन आणि मूळ स्प्रिंग ठेवेन.

आपली गाडी ठोकळ्यावर टेकते का, हे शोधायला यंत्र लागत नाही. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकचा केबल टाय जेमतेम घट्ट बसवा, खाली सरकवून ठेवा आणि एक सेशन चालवून या. टाय जिथे थांबला तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला. कुठल्या कोपऱ्यात किती जागा वापरली जाते हे इतक्या कमी खर्चात दुसरं काही सांगत नाही. आणि ठोकळा टेकतोय म्हणून तो अंदाजाने कापू नका. उत्पादकाने किती कापा असं लिहिलं असेल तर तेवढाच. जास्त कापला तर धक्का आतल्या व्हॉल्व्हवर जातो.

“प्रीलोड वाढव, कडक होईल”

होत नाही. प्रीलोड म्हणजे बसवतानाच स्प्रिंगला दिलेला दाब; त्याने साध्या सरळ स्प्रिंगचा दर, म्हणजे एक मिलिमीटर दबायला लागणारा जोर, बदलत नाही. ती किती दबणार हे तिच्यावरचं वजन ठरवतं. स्प्रिंगखालची रिंग फिरवून तुम्ही फक्त गाडी वर उचलता. ज्या कॉइलओव्हरमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र, उंची बदलता येणारा संच) उंची खालच्या ब्रॅकेटवरून वेगळी ठरवता येते, तिथे रिंगचा उपयोग एवढाच की एकूण ट्रॅव्हलपैकी किती दबायला आणि किती सुटायला ठेवायचा हे ठरतं. प्रीलोड फार दिला की चाकाला खाली यायला जागाच उरत नाही. मग आतलं चाक उगाच हवेत जातं, आणि माणूस ‘ग्रिप नाही’ म्हणून नवीन टायर बघायला लागतो.

दुसऱ्याचे स्प्रिंग रेट उसने घेणं

‘त्याच्याकडे मागे १०० आहे, माझ्याकडे पुढे ४० च, म्हणजे माझी मऊ.’ असं म्हणणाऱ्याने मोशन रेशो ऐकलेला नसतो. स्प्रिंग चाकाच्या मध्यावर क्वचितच असते. चाक १० मिलिमीटर हललं की स्प्रिंग किती दबते, ते प्रमाण म्हणजे मोशन रेशो, आणि चाकाला जाणवणारा कडकपणा त्याच्या वर्गाने बदलतो. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेली रचना) हे प्रमाण साधारण ०.९५ धरा. ४० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग असेल तर चाकाला सुमारे ३६ मिळतात. मागच्या मल्टिलिंकमध्ये, म्हणजे चाक अनेक आर्मनी (दांड्यांनी) धरलेल्या रचनेत, स्प्रिंग आर्मवर आत बसली असेल आणि प्रमाण ०.६ असेल, तर १०० च्या स्प्रिंगमधूनही चाकाला ३६ च मिळतात. कागदावर अडीचपट, चाकाला सारखंच.

हेच आणखी पुढे नेता येतं. त्या कोपऱ्यावर चाक-ब्रेक वगळून ३०० किलो वजन असेल, तर ३६ न्यूटन प्रति मिलिमीटरला गाडीची झुलण्याची वारंवारिता सुमारे १.७ हर्ट्झ येते. साध्या घरगुती गाडीची ढोबळमानाने १ ते १.५, स्पोर्टी रस्त्यावरच्या गाडीची १.५ ते २, आणि हवेचा दाब देणाऱ्या पंखांचा आधार न घेणाऱ्या ट्रॅकच्या गाडीची २ ते २.५ च्या आसपास असते. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही हवं असेल तर दोनच्या अलीकडे थांबा. गुळगुळीत सर्किटवर याहून कडक चालेल, पण सगळे ट्रॅक गुळगुळीत नसतात. जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकचे २०.८ किलोमीटर चढ-उतार, उंचवटे आणि कर्ब यांनी भरलेत. तिथे नको इतकी कडक गाडी टायरवर कमी आणि हवेत जास्त असते.

अजून थोडी खाली

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांना हा मोह महागात पडतो. मूळ उंचीवर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) साधारण आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली असतो. गाडी फार खाली आणली की बाहेरचं टोक वर जातं. मग वळणात बाहेरचं चाक दबताना उणे कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं) मिळायच्या ऐवजी जाऊ लागतो आणि टायर बाहेरच्या कडेवर घासतो. त्याच वेळी रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली येतं. दोघांमधलं अंतर वाढलं की गाडी झुकवणारी तरफ लांब होते. म्हणजे खाली आणलेली गाडी जास्त झुकू पाहते, ती आवरायला आणखी कडक स्प्रिंग लागते, आणि चक्र सुरू. टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा, कोनही बिघडतो. उंचवट्यावर चाकं आपोआप थोडी वळतात आणि स्टिअरिंग हातात वळवळतं. लांब खुंट्याचे बॉल जॉइंट आणि टाय रॉडची दुरुस्ती किट याच आजारावरचं औषध आहे. पण १५-२० मिलिमीटरवर समाधान मानलं तर बहुतेकांना औषधाची गरजच पडणार नाही. डबल विशबोनच्या (चाक वर-खाली दोन आर्मनी धरणाऱ्या) गाड्या, उदाहरणार्थ माझदा एमएक्स-५, हे जरा जास्त सहन करतात. जरा, बरं का.

खाली आणताना हेडलाइटची उंची ठरवणारा सेन्सर, ब्रेकचे होज आणि एबीएसच्या तारा ताणल्या किंवा घासल्या जात नाहीत ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. मूळ शॉकअप इलेक्ट्रॉनिक असतील तर ते काढल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागणारच. त्याचा बंदोबस्त आधी शोधा, गाडी जॅकवर चढवल्यावर नव्हे.

बार जाड केला की झालं?

डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं आवरणाऱ्या अँटी-रोल बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिलिमीटरचा भरीव बार काढून २५ चा घातला तर वाटतं तीनच मिलिमीटर. प्रत्यक्षात तो दोन-तृतीयांश जास्त कडक होतो. बार एका चाकाचं वजन दुसऱ्यावर ढकलतो, म्हणून ज्या टोकाचा बार कडक कराल त्या टोकाची ग्रिप कमी होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा बार वाढवणं बहुधा फायद्याचं. वळणात मागचं आतलं चाक उचललं गेलं तरी घाबरू नका, ते तिथे फारसं काही करत नव्हतं. त्याच गाडीत पुढचा बार बेसुमार केला तर वळणातून निघताना आतलं चाक नुसतं फिरत राहील. पावसात मागचा कडक बार मात्र अंगावर येतो, हे डोक्यात असू द्या.

क्लिकांचा नाद

३० क्लिकचे, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरवून कडक-मऊ करता येणारे, शॉकअप हातात आले की माणूस प्रत्येक सेशनला ते फिरवतो. मीही फिरवले. दुपारपर्यंत आठ क्लिक, टायरमधली हवा आणि मागचा बार असं सगळं बदललं होतं, आणि गाडी कशामुळे बिघडली हे सांगायला कोणी उरलं नव्हतं. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. मोजणी पूर्ण कडक टोकापासून करा, कारण तिथे पक्का थांबा असतो. मात्र तिथे जोर लावू नका, आतली सुई खराब होते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शॉकअपकडे काय मागायचं. शॉकअप हालचालीच्या वेगावर काम करतो. म्हणून वळणात शिरताना, ब्रेक सोडताना, ॲक्सिलरेटर देताना तो बोलतो. गाडी लांब वळणात स्थिर झुकलेली असताना त्याचं म्हणणं संपलेलं असतं. तिथे नाक बाहेर जात असेल तर क्लिक फिरवून काही होणार नाही; टायरमधली हवा, कॅम्बर, बार, स्प्रिंग यांच्याकडे जा. उंचवट्यानंतर गाडी नावेसारखी डोलते? रिबाउंड (सुटतानाचा आवर) कमी आहे. लहान लहान खळग्यांवर टायर टणाटणा उडतो? कॉम्प्रेशन (दबतानाचा आवर) जास्त असेल. ओळीने आलेल्या खळग्यांवर गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि मग एकदम ग्रिप सोडते? रिबाउंड जास्त आहे. चाकाला पुढच्या धक्क्याआधी परत खाली यायला वेळच मिळत नाही. या शेवटच्या खुणेला बरेचजण ‘स्प्रिंग मऊ आहे’ समजतात आणि आणखी कडक करतात.

लटकत्या चाकांवर बुश आवळणं

हे मी चांगल्या मेकॅनिकांकडूनही होताना पाहिलंय. आर्मच्या सांध्यातले रबरी बुश मधल्या नळीला चिकटवलेले असतात. चाकं हवेत लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर बुश त्या स्थितीत बांधला जातो, आणि गाडी जमिनीवर आली की कायम पिळलेला राहतो. काही महिन्यांत तो फाटतो आणि तोवर गाडीची उंची फसवी दाखवतो. बोल्ट हातापुरते लावा, गाडी चाकांवर उतरवा किंवा आर्मखाली जॅक देऊन तिच्या नेहमीच्या उंचीला आणा, आणि मग टॉर्क रेंचने आवळा. पॉलियुरेथेनचे बुश फिरते असल्याने त्यांना ही अडचण नाही, पण त्यांना ग्रीस लागतं, आणि मागच्या ट्रेलिंग आर्मसारख्या चारी दिशांना हलणाऱ्या जागी ते अडकून बसतात. तिथे चांगलं रबर बरं.

स्ट्रटचा वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवू नका. दांडा आत गरगर फिरतो आणि सील जातं. दांडा ॲलन कीने धरा, चिमट्याने कधीच नाही, कारण एक ओरखडाही पुढे तेल गाळतो. स्प्रिंग कंप्रेसरच्या बाबतीत काटकसर नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती माणूस बघत नाही.

बसवून झाल्यावर आवाज येतोच. स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ असा आवाज आला तर वरचं बेअरिंग उलटं बसलंय किंवा स्प्रिंगचं टोक तिच्या खाचेत नाही. छोट्या खड्ड्यात खडखड असेल तर आधी बारच्या लिंका आणि मग वरचा नट तपासा.

अलाइनमेंट घाईने

नवीन स्प्रिंग दबून आपल्या उंचीला बसायला थोडे दिवस लागतात. आठवडाभर चालवा, बोल्ट पुन्हा तपासा, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, आणि उंची नंतर बदलली तर ते सगळं पुन्हा करा. कोपऱ्यांचं (प्रत्येक चाकावरचं) वजन करणार असाल तर ते त्याआधी, बारच्या लिंका सोडून आणि चालकाच्या सीटवर चालकाइतकं वजन ठेवून. एक कोपरा उचलला की त्याच्या तिरक्या समोरचाही जड होतो, हे लक्षात ठेवलं की रिंगा उगाच फिरवत बसावं लागत नाही.

रस्त्यासाठी १ ते १.५ अंश उणे कॅम्बर पुरतो. ट्रॅकवर स्ट्रटच्या गाडीला पुढे २.५ ते ३ मागावा लागतो. टायर खातो म्हणून कॅम्बरला शिव्या बसतात, पण खरा खादाड टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) आहे. टो शून्याजवळ ठेवला तर २ अंश कॅम्बरवरही रोजचं चालवणं जमतं. नेमका किती कॅम्बर हवा ते टायरच सांगतो: सेशन संपल्यावर लगेच आतलं, मधलं आणि बाहेरचं तापमान घ्या. बाहेरची कड सगळ्यात गरम असेल तर कॅम्बर कमी पडतोय, मधला भाग असेल तर हवा जास्त आहे.

हवेवरून आठवलं. थंड टायरमधले ३२ पीएसआय काही लॅपमध्ये ३८-४० होतात, म्हणून ट्रॅकवर आपण गरम टायरमधली हवा सोडतो. तोच टायर रात्री थंड होतो आणि सकाळी २६ वर येऊन बसतो. गाडी घरी न्यायच्या आधी टायर थंड होऊ द्या, हवा भरा, क्लिक रस्त्याच्या आकड्यावर आणा आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने एकदा बघा.