मानधनावर कोचिंग करणाऱ्यांनो, जावक क्रमांक घ्या

बी.पी.एड. झालंय, थोडंफार खेळलेलेही आहात आणि आता कबड्डीचं कोचिंग करायचंय, असं धरून लिहितोय. चढाई-पकड शिकवत बसत नाही.

चिपळूणजवळच्या एका शाळेत मी ११ वर्षं मानधनावर होतो. बायको गेली तेव्हा संघाच्या नी-कॅप आमच्या न्हाणीघरात बादलीत भिजत पडल्या होत्या. तांबड्या मातीचं गढूळ पाणी. तीच धुवायची, मला कधी सांगावं लागलं नाही. दिवसकार्य होईपर्यंत बादलीला कुणी हात लावला नाही. वास यायला लागला तेव्हा मीच उठलो. दोन महिन्यांनी शाळेत गेलो, तर मैदानावर दुसराच माणूस शिट्टी फुंकत होता. "सर, तुम्ही मानधनावर. तुम्हाला रजा कसली?" ऑफिसातलं उत्तर. नियमानं चूक नव्हतं, तेच जास्त लागलं.

खरा फटका पुढे बसला. दुसरीकडे अर्ज केला तर अनुभवाचा दाखला मागितला. माझ्याकडे पोरांबरोबरचे फोटो होते. मानधन रोख, सही व्हाउचरवर, व्हाउचर शाळेच्या कपाटात. जिल्ह्याला, विभागाला संघ मी न्यायचो, पण प्रवेशिकेवर मार्गदर्शक म्हणून नाव कायम शिक्षकांचं. "असू द्या हो" असं मीच म्हणायचो. हातापाया पडल्यावर शाळेनं चिठ्ठी दिली: 'यांनी वेळोवेळी सहकार्य केले.' ११ वर्षांचं झालं वेळोवेळी!

म्हणून दर जूनला पत्र मागा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता खेळ, कोणता वयोगट, आठवड्याला किती तास, सगळं त्यात हवं. लेटरहेड, सही, शिक्का आणि जावक क्रमांक, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या शाळेच्या नोंदवहीतला नंबर. पुन्हा सांगतो, जावक क्रमांक. तो नसेल तर उद्या मुख्याध्यापक बदलल्यावर शाळाच ते पत्र ओळखणार नाही. मानधन बँकेत घ्या, थोडं कमी मिळालं तरी चालेल. प्रवेशिका भरताना टेबलाशी उभे राहा, झेरॉक्स काढा. मागायला लाज वाटते, ठाऊक आहे. तरी मागा.

"कागद कशाला, मी आहे ना," म्हणणारे गुरुजी प्रत्येक तालुक्यात असतात. त्यांच्या पाया पडा, पण पत्र सोडू नका. आणि दोन दिवसांच्या शिबिराचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट भिंतीवरच बरं. करायचाच तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा कोर्स करा, ऐपत आणि वेळ असेल तर वर्षाचा डिप्लोमा.

घाबरवायला नाही लिहिलं हे. माझंही लागलं मार्गी. माझाच एक जुना खेळाडू संध्याकाळी मंडळाची पोरं घेतो. "सर, नुसते येऊन बसा," म्हणाला. पहिला महिना मी फक्त मैदान आखायला फक्की मारली. बोनसची रेषा काही केल्या सरळ येईना, पोरं गालात हसायची.

घाई मात्र केली. एका सामन्यात हरलो, तर अंधार पडेपर्यंत पकडी घ्यायला लावल्या. कोपऱ्यातल्या पोराचा घोटा सुजला. हरल्याचा राग नव्हता तो. मला घरी जायचं नव्हतं. असा दिवस आला तर शिट्टी सरळ दुसऱ्याच्या हातात द्या.

यंदा प्रवेशिकेवर सहायक मार्गदर्शक म्हणून माझं नाव आहे. झेरॉक्स काढलीय. नी-कॅप ज्याच्या त्यानं धुवायच्या, असा नियमही केलाय. तरी दोन-तीन राहतातच कडेला. त्या पिशवीत घालून घरी आणतो.