परकीय भाषा शिकून करिअर करायचंय? मग या चुका टाळा

प्रवेशाचे दिवस आले की पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "सध्या कुठल्या भाषेला स्कोप आहे?" विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग तिथे आहे, म्हणून प्रश्नही तिथेच. पण प्रश्नच चुकीचा आहे. जर्मन, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन या सगळ्यांना काम आहे. काम नाही ते अर्धवट शिकलेल्यांना. युरोपीय भाषांच्या पायऱ्या ए1 पासून सी2 पर्यंत चढतात, जपानीच्या एन5 पासून एन1 पर्यंत. युरोपीय भाषांत बी2 आणि जपानीत एन2 या पायरीच्या खाली निव्वळ भाषेसाठी पगार देणारा मालक क्वचितच भेटतो. स्कोप भाषेत नसतो, पायरीत असतो. एवढं पटलं तर खालच्या निम्म्या चुका आपोआप टळतील.

चार भाषांचे ए1

बायोडेटावर "जर्मन ए1, फ्रेंच ए1, स्पॅनिश ए1, जपानी एन5" असं लिहिलेलं असलं की घरच्यांना कौतुक वाटतं. कंपनीतल्या माणसाला मात्र त्यातून एवढंच कळतं की या उमेदवाराने चार गोष्टी सुरू केल्या आणि चारही सोडल्या.

हिशेब करून बघा. जर्मनमध्ये शून्यापासून बी1 गाठायला साधारण 350 ते 650 तासिका लागतात, बी2 ला 600 ते 800. एक तासिका 45 मिनिटांची. चार भाषांच्या ए1 साठी प्रत्येकी 120 तासिका धरल्या तरी 480 झाल्या. तेवढ्यात एका भाषेत बी1 हाताशी आलं असतं. ए1 वर स्वतःची ओळख करून देता येते आणि चहा मागता येतो. दोन्हींसाठी कोणी नोकरी देत नाही.

याच हिशेबाने "तीन महिन्यांत बी2" अशा जाहिरातीही तपासा. 90 दिवसांत 700 तासिका म्हणजे रविवार न सोडता रोज आठ. त्यात गृहपाठ धरलेला नाही. जेवायचं कधी, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

जपानीसाठी तर घाई आणखी महाग पडते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी जपानीला सुमारे 2,200 वर्गतास धरते. मराठी माणसाला व्याकरणात थोडी सवलत मिळते (ती का, ते पुढे येईलच), पण कांजीत, म्हणजे चिनीतून आलेल्या लिपिचिन्हांत, कुणालाच सवलत नाही.

बारावीत जर्मन किंवा फ्रेंचला 95 गुण होते म्हणून थेट बी1 च्या वर्गात बसायचा हट्ट हाही याच घाईचा भाऊ. ते गुण बहुतेकदा ठरावीक उताऱ्यांचे आणि पाठ निबंधांचे असतात. पायरी ठरवणारी चाचणी द्या आणि तिने खाली बसवलं तर मुकाट्याने खाली बसा.

कान कच्चे ठेवणं

या चुकीने जेवढे निकाल बुडतात तेवढे दुसऱ्या कशाने बुडत नसतील. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेतली एन2 ची ही गुणपत्रिका पाहा: शब्द आणि व्याकरण 60 पैकी 45, वाचन 60 पैकी 40, श्रवण 60 पैकी 18. बेरीज 103. उत्तीर्ण व्हायला 180 पैकी 90 पुरतात. तरी निकाल नापास, कारण एन2 ला प्रत्येक विभागात किमान 19 लागतात. बेरजेत तेरा गुण जास्त, श्रवणात एक कमी, आणि सहा महिने पाण्यात. एखाद्या कंपनीने "एन2 झालं की या" म्हणून जागा धरून ठेवली असेल, तर ती सहा महिने थांबत नाही.

हे नशीब नव्हे. असा उमेदवार वर्षभर काय करतो ते पाहिलं की निकाल आधीच सांगता येतो. व्याकरणाची पुस्तकं दोनदा संपवलेली, शब्दांची कार्डं खिशात, आणि ऐकणं म्हणजे रात्री इंग्रजी सबटायटल्स लावून अॅनिमे. सबटायटल्स असली की डोळे वाचतात आणि कान झोपतात. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते. पहिल्या वाक्यातला एक शब्द अडला की उमेदवार त्याच्यावर विचार करत बसतो, तोवर पुढची तीन वाक्यं निघून गेलेली असतात.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. रोज वीस मिनिटं. त्यात एक मिनिटाचा तुकडा निवडायचा, ऐकून शब्दन् शब्द लिहायचा, मग मूळ मजकुराशी ताडायचा आणि जिथे चुकलं तिथे लाल खूण करायची. पंधरा दिवसांनी खुणा एकत्र पाहिल्या की दुखणं कळतं: कुणाचे आकडे निसटतात, कुणाचे जोडशब्द, कुणाला वाक्याचा शेवटच ऐकू येत नाही. नंतर तोच तुकडा बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्धा सेकंद उशिराने मोठ्याने म्हणायचा. जर्मनसाठी डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत, फ्रेंचसाठी आरएफआयचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींचा मजकूर मिळतो.

एक आठवण: जपानीच्या या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत. एन2 हातात असूनही मुलाखतीत तोंड न उघडणारे त्यामुळेच निघतात. मुलाखत घेणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

मराठी दाराबाहेर ठेवून वर्गात जाणं

ही आमची लाडकी चूक, आणि शहरी मुलांत तर सर्रास. जर्मन शिकताना डोक्यात आधी इंग्रजी वाक्य तयार करायचं, मग ते जर्मनमध्ये ओतायचं. घरात फुकट मिळालेली शिडी भिंतीला टेकून उभी असताना दोरावरून चढायचा हा प्रकार आहे.

"मला पुस्तक आवडतं" हे वाक्य घ्या. मराठीत आवडणारं पुस्तक कर्ता आणि 'मला' चतुर्थीत. जर्मनमध्ये 'मीअर गेफेल्ट दास बूख', स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल लिब्रो', रचना हीच. जपानीत 'होन गा सुकी देस': इथेही पुस्तकाला कर्माचा 'ओ' नाही, कर्त्याचा 'गा'. 'निहोंगो गा वाकारिमास' म्हणजे शब्दशः "जपानी समजतं". इंग्रजीतून येणारा इथे हटकून 'ओ' घालतो, कारण इंग्रजीत 'मी' कर्ता आहे. "मला थंडी वाजते" जर्मनमध्ये 'मीअर इस्ट काल्ट'. तिथेही 'मीअर' म्हणजे 'मला'च. ज्याने 'इख' म्हणजे 'मी' घालून हे वाक्य केलं, त्याने आपण भावनाशून्य असल्याचं जाहीर केलं.

जपानीत क्रियापद शेवटी, आणि 'नि', 'दे', 'कारा' हे सगळे नामाच्या मागे लागतात, आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे. जर्मनला आपल्यासारखीच तीन लिंगं. 'मुलगी' जर्मनमध्ये नपुंसकलिंगी कशी, यावर हसणाऱ्यांनी 'ते पोरगं', 'ते कार्टं' आठवावं. जर्मन 'झेड'चा उच्चार 'चमचा'तला च आहे, 'चहा'तला नव्हे. हे एका वाक्यात सांगता येतं, पण सांगणारे थोडे.

आकड्यांची गंमत तर पाहण्यासारखी. जर्मनमध्ये 24 म्हणजे 'फिअर-उंट-त्स्वान्त्सिष', आधी चार मग वीस, हुबेहूब 'चोवीस'. इंग्रजी माध्यमातली मुलं तिथे 42 लिहून मोकळी होतात. (2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणलं तेव्हा एवढा गदारोळ झाला. जर्मनच्या वर्गात 'एकवीस'वालेच सुखी असतात.) फ्रेंच 80 म्हणजे 'चार वीस'. खेड्यात विसांनी मोजणाऱ्या आजीला ते न शिकवता कळलं असतं.

मात्र सापळेही आहेत. जर्मन 'हाल्ब द्राय' म्हणजे शब्दशः 'अर्धा तीन'. मराठी कान त्याचं 'साडेतीन' करतात. खरी वेळ अडीच. ग्राहकाच्या बैठकीला तासभर उशीर करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. आणि उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची सवय पहिल्या दोन आठवड्यांत मोडा. जपानीचं थोडंफार भागतं, पण जर्मन 'शोन' (आधीच) आणि 'श्योन' (सुंदर) यांतला खरा फरक देवनागरीत उतरत नाही. तो ओठ गोल करून कानाने पक्का करावा लागतो.

"संस्कृतीचा पेपर काय, शेवटच्या रात्री वाचू"

पदवीतला हाच पेपर पुढे ऑफिसात सगळ्यात जास्त वापरात येतो. बाहेरच्या ग्राहकाचा फोन आला आणि साहेब जागेवर नसले तर मराठी माणूस "साहेब बाहेर गेलेत" म्हणतो, आदरार्थी बहुवचनात. तेच डोक्यात धरून जपानीत ग्राहकासमोर आपल्याच साहेबांना 'तानाका-सान' ('सान' हा आदराचा प्रत्यय) म्हटलं की चूक झाली. तिथे आतले आणि बाहेरचे असा भेद आहे. बाहेरच्यापुढे आपल्या माणसाचा मान कमी करून बोलायचं: 'तानाका वा गाइशुत्सु शिते ओरिमास', म्हणजे नुसतं 'तानाका बाहेर गेलाय'. साहेब समोर एकटे असले की पुन्हा 'तानाका-सान'. दिवस संपताना वरिष्ठांना 'गोकुरोसामा' म्हणू नका, तो शब्द वरच्याने खालच्याला म्हणायचा. 'ओत्सुकारेसामा देस' म्हणा.

दुसरं उदाहरण खर्चाचं. जपानी खरेदीदार शेवटी 'केन्तो शिमास' म्हणतो. नवखा दुभाषी सांगतो, "ते विचार करणार आहेत." इकडची मंडळी खूश होऊन माल राखून ठेवतात. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत "बघतो, कळवतो" म्हणतात त्याचा अर्थ ज्याला कळतो, त्याला 'केन्तो शिमास' कळायला हवं. दुभाष्याने शब्द बरोबर सांगावा आणि सूर आपल्या बाजूच्या लोकांच्या कानावर वेगळा घालावा.

जर्मन पत्रात 'झेअर गेएअर्ते फ्राउ म्युलर' नंतर स्वल्पविराम येतो आणि पुढची ओळ लहान अक्षराने सुरू होते (पहिलाच शब्द नाम असेल तर गोष्ट वेगळी). तिथे मोठं अक्षर दिसलं की पत्र साच्यातून आल्याचं वाचणाऱ्याला लगेच कळतं.

नुसती भाषा, सोबत काहीच नाही

भाषेच्या जोडीला एक धंदा लागतो. चाकणच्या जर्मन वाहन कंपन्यांना सुरेख जर्मन बोलणारा हवाच, पण ड्रॉइंग वाचणारा किंवा खरेदीची कागदपत्रं समजणारा जर्मन बोलणारा त्याच्या आधी हवा. बी.कॉम. आणि बी2 हा जोड बिलांची कामं करणाऱ्या सेवाकेंद्रांत चालतो. संगणक आणि एन2 वाल्याला 'ब्रिज एसई' म्हणून, म्हणजे जपानी ग्राहक आणि इकडचे प्रोग्रामर यांच्यातला दुवा म्हणून, मागणी असते. जर्मनीत नर्स म्हणून जायचं तर सहसा बी2 लागतं, डॉक्टरला वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते. जपानच्या विशेष कुशल कामगार व्हिसाला मात्र एन4 पुरतं, हे कारखान्यात किंवा शेतीत काम करू इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शाळेत शिकवायचं तर एम.ए.सोबत बी.एड.चाही विचार आधीच करा. 2022 पासून यूजीसी दोन पदव्या एकाच वेळी करू देते, फक्त वर्गाच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. ही सोय असताना "इंजिनीअरिंग झाल्यावर भाषा बघू" म्हणणाऱ्यांना काय सांगावं?

गोव्याचं उदाहरण मुद्दाम. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकणारे थोडेच. पण जुने जमिनीचे कागद आणि जन्मनोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि त्या वाचून देणारा माणूस लोकांना शोधावा लागतो. लोकप्रिय नसलेल्या भाषेलाही पोट असतं, फक्त तिथे जुनं हस्ताक्षर वाचता यायला हवं.

"आता मशीनच भाषांतर करतं"

करतं. जर्मन 'झी'चा अर्थ ती, ते की आपण, हे ते कधीकधी चुकवतं. जपानी वाक्यातला गाळलेला कर्ता ते मनाने भरतं. ती चूक पकडायला सी1 च्या आसपासचं ज्ञान लागतं. म्हणजे मशीनमुळे तळच्या लोकांचं काम गेलं, वरच्यांचं बदललं. ट्राडोस किंवा मेमोक्यू या भाषांतराच्या सॉफ्टवेअरपैकी एक पदवी संपायच्या आत हाताळा. दिवसाला 2,000 ते 2,500 शब्द नीट होतात. 6,000 कबूल करणाऱ्याचं काम दुसऱ्याला पुन्हा करावं लागतं.

उरलेल्या, एकेका ओळीत

विद्यापीठाची पदविका आणि गोएथे (जर्मन), डेल्फ (फ्रेंच), जेएलपीटी (जपानी) ही प्रमाणपत्रं एकमेकांना पर्याय नाहीत; दोन्ही ठेवा.

प्रमाणपत्रावर मुदत नसली तरी जर्मनीच्या अनेक संस्था दोन वर्षांपेक्षा जुनं घेत नाहीत. अर्ज करायच्या वर्षीच परीक्षा द्या.

डेल्फला 100 पैकी 50 लागतात, पण एका कौशल्यात 25 पैकी 5 च्या खाली गेलात तर ते 50 वाया.

शब्द सुटे पाठ करू नका. जर्मन नाम लिंग आणि अनेकवचनासकट, जपानी क्रियापद त्याच्या 'ओ', 'नि', 'गा'सकट.

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि अर्ज कित्येक आठवडे आधी बंद होतात. अर्जातलं नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. 'वैद्य'चं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं, तर व्हिसाच्या खिडकीवर ते तुम्हालाच समजावून सांगावं लागेल.