एका मोसमाची किर्द आणि खतावणी

हयात दुकानांच्या वह्या लिहिण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर लागलेला नादही वहीचाच. फुटबॉलचा एखादा जुना मोसम घ्यायचा आणि पहिल्या सामन्यापासून तो कागदावर परत उभा करायचा. शेवटचा गुणतक्ता पाहिला की मोसम कळला असं अनेकांना वाटतं. त्यांनी नुसतं नफा-तोटा पत्रक बघून वर्षभर गल्ल्यावर बसून दाखवावं.

सुरुवातीला आपल्या आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा, २०१६-१७ चा मोसम घ्या. ईशान्य भारतातला संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय लीग जिंकला तो हा. दहा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे एकेकाचे १८ आणि सगळे मिळून ९० सामने. नवशिक्याला हे माप झेपतं. इंग्लंडचे ३८० सामने घेऊन बसाल तर निम्म्यातच वही माळ्यावर जाईल.

सामान फारसं नाही: फुलस्केप वही, पेन्सिल, खोडरबर आणि निकाल वाचून दाखवणारं एक माणूस. माझ्याकडे नात आहे. माणूस का लागतं, ते पुढे येईलच.

पहिलं पान आरंभीच्या शिलकेचं. हे पान लोक गाळतात आणि मग अर्धी गंमत हातची जाते. आदल्या मोसमात नऊ संघ होते आणि तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण तो थेट प्रवेश मिळालेला संघ, त्याला खालच्या लीगमध्ये ढकलायचं नाही असा करार. मग खाली गेला आठवा, म्हणजे मिझोरामचा ऐझॉल एफसी. पुढे राष्ट्रीय लीगच्या फेररचनेच्या प्रस्तावावर नाराज होऊन साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावणं आलं. त्याच सुमारास खालिद जमील यांचं मुंबई एफसीचं प्रशिक्षकपद गेलं. बरीच वर्षं त्यांनी तो संघ सांभाळला होता. ते मिझोरामला, ऐझॉलकडे गेले. मुंबईच्या मैदानांवर वाढलेले जयेश राणे, आशुतोष मेहता हेही त्या मोसमात तिथेच होते. एवढं सगळं पहिल्या पानावर लिहा आणि पान उलटा. शिल्लक पुढे ओढल्याशिवाय कुठली वही सुरू होते?

आता किर्द, म्हणजे तारीखवार नोंदींची वही. तारीख, यजमान, पाहुणे, गोल, एका सामन्याला एकच ओळ. तारखेनंच लिहायची, फेरीच्या क्रमांकानं नाही, कारण सामने पुढेमागे होतात आणि मग त्या दिवशी खरोखर कोण पुढे होतं ते कळत नाही. ७ जानेवारी २०१७ पासून सुरुवात करा. इथे नात कामाला येते: ती एक निकाल वाचते, मी तो लिहितो, आणि मी 'हं' म्हटल्याशिवाय पुढचा वाचायचा नाही. निकालांची आख्खी यादी स्वतःपुढे ठेवलीत तर डोळा खाली घसरणारच. माझाही घसरतो.

किर्दीतून खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्याची वही. प्रत्येक संघाला एक पान: खेळले, जिंकले, बरोबरी, हरले, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण. एक सामना दोन पानांवर चढतो, एकाकडे नावे तर दुसऱ्याकडे जमा. म्हणूनच दर रविवारी ताळा घेता येतो. सगळ्या पानांवरच्या विजयांची बेरीज पराभवांच्या बेरजेइतकी हवी. बरोबऱ्यांची बेरीज सम हवी. केलेले गोल आणि खाल्लेले गोल सारखे हवेत. आणि विजयाला तीन, बरोबरीला दोघांना एकेक गुण, म्हणून एकूण गुण म्हणजे झालेल्या सामन्यांची तिप्पट, वजा बरोबरीत सुटलेल्या सामन्यांची संख्या. संपूर्ण मोसमाला २७० वजा बरोबऱ्या. हे जमलं तर वही शुद्ध.

माझी जमली नव्हती. मार्चच्या ताळ्यात केलेले गोल खाल्लेल्या गोलांपेक्षा आठानं जास्त निघाले. दोन संध्याकाळी बेरजा तपासण्यात घालवल्या. मग तरुणपणी एका शेठजींकडे शिकलेलं आठवलं: आधी फरक काय म्हणतो ते ऐकायचं, बेरजेला नंतर हात लावायचा. फरक नवाचा किंवा नवाच्या पटीतला असला तर आकड्यांची अदलाबदल झाली असणार. आठाचा असला तर १ चा ९ झाला असणार. चर्चिल ब्रदर्सच्या पानावर तेच निघालं. घाईत काढलेल्या माझ्या १ ची शेपटी लांबते आणि चर्चिलनं एका सामन्यात नऊ गोल मारले असं मी खुशाल धरून चाललो होतो. तेव्हापासून वहीत १ काढताना मी पेन्सिल उचलून ठेवतो.

मधल्या फेऱ्या झपझप उरका. फक्त दर रविवारचा वरच्या चौघांचा क्रम समासात टिपून ठेवा. वेळ द्यायचा तो शेवटच्या दोन फेऱ्यांना. सोळा सामन्यांनंतर ऐझॉल ३३, मोहन बागान ३३. इथे वही मिटा आणि दुसऱ्या दिवशीच उघडा. ही जागा घाईची नव्हे.

२२ एप्रिलला दोघं ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर समोरासमोर. ८३ व्या मिनिटापर्यंत गोल नाही आणि मग ऐझॉलचा बचावपटू झोमिंगलियाना राल्टेचं हेडर. १-०. आता ३६ आणि ३३, म्हणजे शेवटच्या दिवशी ऐझॉलला एक गुण पुरे.

३० एप्रिलला मात्र किर्दीत एक ओळ देऊ नका, पूर्ण पान द्या. मधोमध उभी रेघ ओढून तिच्यावर ० ते ९० मिनिटं आखा. ऐझॉलचा सामना शिलाँगला, तिथल्या लाजाँग संघाच्या घरी. नवव्या मिनिटाला लाजाँगचा दिपांडा डिका गोल करतो. त्या मोसमात सर्वाधिक, ११ गोल त्याचेच. बरोबरी होते ६७ व्या मिनिटाला, ऐझॉलच्या विल्यम लालनुनफेलाच्या गोलानं. मधली ५८ मिनिटं पेन्सिल आडवी धरून काळी करा. तिकडे कोलकात्यात बागाननं चेन्नई सिटीला २-१ नं हरवलं. लाजाँगचा तो गोल फिटला नसता तर दोघंही ३६ वर उभे राहिले असते. काळ्या पट्ट्याशेजारी '३६-३६' लिहा, मग खोडा आणि खरं लिहा: ३७-३६.

खतावणी बंद करण्याआधी एक उलट तपासणी. ऐझॉल: ११ विजय, ४ बरोबऱ्या, ३ पराभव. बागान: १० विजय, ६ बरोबऱ्या, २ पराभव. कमी हरलेला संघ दुसरा आला. जुन्या काळासारखे विजयाला दोनच गुण धरून बघा: २२ अधिक ४ आणि २० अधिक ६, दोघंही २६. नातीला हे पटेना, तिनं स्वतः तीनदा बेरीज केली.

मुंबई एफसीचं पान शेवटी भरा. ज्या मोसमात त्यांचा जुना प्रशिक्षक विजेता ठरला, त्याच मोसमात ते दहावे येऊन खाली गेले. समासात मी काही लिहिलं नाही, फक्त रेघ ओढली.

तळाची आणखी दोन नावं नीट बघून ठेवा: मिनर्व्हा पंजाब आणि चेन्नई सिटी. पुढच्या मोसमाचा विजेता मिनर्व्हा, त्याच्या पुढचा चेन्नई सिटी. नवी वही आखताना या दोघांना मागची अरुंद पानं देऊ नका. मी दिली होती, आणि मग चिठ्ठ्या डकवत बसलो.