पावसाळ्यात पीयू फोमची भोकं मोठी पडत होती, त्यावरचा उपाय

हर्णै-दापोलीकडे मासळीच्या बर्फपेट्यांत आम्ही पीयू (पॉलियुरेथेन) फोम ओततो; पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन द्रवं मिसळली की तो फुगून तयार होतो. पावसाळ्यात तो जाळीदार व्हायचा, बर्फ टिकायचा नाही. मूळ दोष ओलाव्याचा. पॉलिऑलमधलं १ ग्रॅम पाणी आयसोसायनेटशी भिडलं की सुमारे १.३ लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो, शिवाय साधारण १५ ग्रॅम आयसोसायनेट फुकट जातं. त्यामुळे आधी पॉलिऑलच्या पिंपाला सिलिका जेलचा ब्रीदर (आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषणारं साधन) लावला. तो नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

मग फ्यूम्ड सिलिका (सिलिकाची अतिबारीक पूड): १० किलो पॉलिऑलला ५० ग्रॅम, ११० अंशांवर ४ तास वाळवून. या कणांपाशी बुडबुडे धरतात. जागा जास्त, म्हणून बुडबुडे बारीक. पूड पॉलिऑलमध्येच घालायची, कारण कणांवरचे हायड्रॉक्सिल (OH) गट आयसोसायनेटशी जुळतात. हाय-शिअर मिक्सरने (गुठळ्या फोडणाऱ्या वेगवान मिक्सरने) अर्धा तास घुसळा. ड्रिलला लावलेली काठी चालत नाही: गुठळ्या राहतात आणि तिथेच पेशीची (फोममधल्या बुडबुड्याची) भिंत फुटते. घुसळताना पॉलिऑल तापतं; २५ अंशांवर येऊ द्या, नाहीतर पेटीचे कोपरे भरायच्या आत फोम फुगतो. पूड १ टक्क्याच्या वर नेऊ नका, मिश्रण घट्ट होऊन पोकळ्या राहतात. पूड हाताळताना मास्क हवाच, रुमाल नव्हे.