जुनी फायबरची छोटी सेलबोट कोणती आहे ते ओळखायचं कसं (आणि तिच्यात बघण्यासारखं काय असतं)

१४ ते २३ फुटांची जुनी फायबरग्लासची शिडाची बोट दिसली की बहुतेक लोक आधी नाव शोधत बसतात, बाजूला स्टिकर आहे का, शिडावर कसलं चिन्ह आहे. माझं म्हणणं, ते सगळ्यात शेवटी बघा. स्टिकर उडून जातात, शीड भलत्याच बोटीचं असू शकतं, आणि मास्टवर (शिडाच्या उभ्या खांबावर) केन्यन किंवा पुलीवर शेफर, हार्कन असं दिसलं तर ती बोटीची कंपनी नाहीये, तो नुसता पार्ट बनवणारा (या एका गोष्टीत लोक इतके फसतात की विचारू नका). साच्यातून निघालेला आकार मात्र सहसा कोणी बदलत नाही, त्यामुळे विश्वास ठेवायचा तर त्याच्यावर.

बोट अमेरिकेत बनलेली असेल तर एक सोपा मार्ग आहे, मागच्या उभ्या फळीवर म्हणजे ट्रान्समवर, उजव्या बाजूला वरती, हल नंबर म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक असतो. हा नियम १ नोव्हेंबर १९७२ पासूनचा, त्यामुळे त्याआधीच्या बोटीवर तो नसणारच, नाही सापडला तर निदान वयाचा अंदाज तरी येतो. १२ अक्षरं-आकडे असतात, पहिली तीन कंपनीची: सीटीवाय म्हणजे कॅटलिना, पीईए म्हणजे पिअर्सन, एक्सडीवाय म्हणजे ओ'डे. शेवटच्या चार जागा तारखेच्या, आणि इथे एक गंमत आहे. जुन्या नंबरात शेवटी 'एम ७४ सी' असं काही दिसलं तर मॉडेल वर्ष १९७४, पण शेवटचं अक्षर महिन्याचं, आणि त्यात ए म्हणजे जानेवारी नाही, ऑगस्ट, कारण तिथे मॉडेल वर्ष ऑगस्टपासून मोजतात. म्हणजे सी हा ऑक्टोबर, आणि बोट प्रत्यक्षात बनली १९७३ च्या ऑक्टोबरमधे. १९८४ पासून पद्धत बदलली आणि ए म्हणजे जानेवारी झाला. नंबरावर रंग चढला असेल तर टॉर्च अगदी आडवा धरा, खोदलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात.

नंबर नाही मिळाला तर टेप घ्या. एकूण लांबी आणि जास्तीत जास्त रुंदी दोन्ही मोजा, नुसत्या लांबीवर जाऊ नका. सनफिश आणि लेझर या दोन्ही छोट्या बोटी १४ फुटांच्या जरा आतच आहेत, पण सनफिशच्या अंगाला खाली स्पष्ट कडा आहे कारण मूळ डिझाइन प्लायवूडचं होतं, लेझरचं अंग गोल. शीडही वेगळं, सनफिशचं तिरक्या दांड्यावर बांधलेलं त्रिकोणी, लेझरचं शीड बाहीसारखं मास्टवर चढवतात आणि मास्ट दोन तुकड्यांचा असतो.

मग खाली वाका आणि पोट बघा, खरी ओळख तिथेच. आत-बाहेर होणारं सेंटरबोर्ड (पोटातून पाण्यात सोडायची फळी), समोर छोटीशी झाकलेली जागा आणि लांबी १६ फूट ९ इंच असेल तर ओ'डे डे सेलर असण्याची दाट शक्यता, तिचं अंग उफा फॉक्सचं डिझाइन. पुढून मागे गेलेली लांब कील (पोटाखालचा वजनदार कणा) आणि तिलाच टेकलेलं सुकाणू दिसलं तर डिझायनर कार्ल अल्बर्गची आठवण झालीच पाहिजे, पिअर्सन एन्साइन साडेबावीस फुटी आणि कॉकपिट (बसायची खोलगट जागा) प्रचंड मोठं, केप डोरी टायफून साडेअठरा फुटी. कॅटलिना २२ मधे बरेचदा वर उचलता येणारी स्विंग कील असते, ट्रेलरवर न्यायला सोयीची, दिसायला तेवढी देखणी नाही असं मी तरी म्हणेन.

आता देखणी म्हणजे काय. टायफून साडेअठरा फूट लांब, पण उभी असताना पाण्याला टेकलेली लांबी साडेतेराच फूट, म्हणजे पाच फूट पुढे-मागे अधांतरी. हे फक्त दिखाव्यासाठी नाही, बोट वाऱ्याने कलली की ते टोकाकडचे भाग पाण्यात येतात, पाण्यातली लांबी वाढते आणि वेगही वाढतो. डोळे डेकच्या (बोटीच्या वरच्या पृष्ठभागाच्या) कडेच्या उंचीवर आणा आणि ती कड पुढून मागे कशी जाते ते बघा. चांगल्या डिझाइनमधे ती आधी उतरते आणि मागे परत किंचित चढते, कुठेही सपाट पट्टा लागत नाही. ही रेषा एकदा नजरेत बसली की लांबूनच कळतं.

लॉकर (सामानाचा कप्पा) उघडून आतून हात फिरवा. जुन्या बोटीत फायबरच्या जाड विणीचा चौकड्यांचा पोत हाताला लागतो, तो हाताने थर लावल्याचा. सुरुवातीच्या काळात हे मटेरियल नवीन होतं म्हणून बिल्डर जास्तच जाड थर द्यायचे, आणि त्यातल्या कितीतरी बोटी आजही चालतायत. जेलकोट म्हणजे बाहेरचा चकचकीत थर पांढुरका खडूसारखा झाला असेल तर तो वरचा प्रश्न, पॉलिशने बराच सुटतो. कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगाही बहुतेक वेळा वरवरच्याच, पण एखाद्या फिटिंगभोवती गोल पसरल्या असतील तर तिथे कायम ताण येतोय असं समजा.

डेक मात्र सोडू नका. बऱ्याच बोटींत डेकच्या दोन थरांमधे बाल्सा लाकूड असतं आणि पाणी गेलं की ते कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने किंवा नाण्याने थोड्या थोड्या अंतरावर टकटक करत जा, कोरडा टणक आवाज आला तर ठीक, अचानक बद्द झाला तर तिथे खडूने खूण करा, आणि पायाखाली दबत असेल तर मग ठोकायचीही गरज नाही. सागवानी कडा करड्या पडल्यात म्हणून बोट नाकारू नका, सागवान तसंच होतं, पण त्यांच्या स्क्रूंच्या आजूबाजूला काळे डाग असतील तर आधी तिथेच ठोकून बघा, पाणी बाल्सापर्यंत पोचतं ते अशाच भोकांतून.