इंग्लंडला मुलांकडे जाताय? एक दिवस तळ्यावर काढा

हल्ली गोव्यात प्रत्येक वाड्यावरचं कोण ना कोण इंग्लंडला असतंच. कुणाचा मुलगा स्विंडनला, कुणाची भाची साउथॉलला, मग आईबाबा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा काढून जातात, पहिल्या आठवड्यात बिग बेन, लंडन आय, प्रायमार्क सगळं उरकतं आणि मुलगा-सून कामावर गेली की हे दोघं खिडकीतून बाहेरचा पाऊस बघत बसतात. त्यांच्यासाठी, आणि त्यांना कुठे न्यावं हे न सुचणाऱ्या मुलांसाठी हे लिहितेय. तिकडची तळी, पाणथळ जागा, त्यांचे रिझर्व्ह, यासारखी स्वस्त आणि वयस्कर माणसांना झेपणारी दुसरी सहल नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

करमळीचं तळं किंवा चोडणचं अभयारण्य बघितलं असेल तर अर्धं काम झालंच समजा, कारण तिकडे पहिल्या दहा मिनिटांत दिसणारे बरेच पक्षी ओळखीचे निघतात. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी, पाणकोंबडी, राखी बगळा, टिबुकली, सगळी तीच मंडळी. खंड्यासुद्धा तोच, छोटा निळा. आपल्याकडे खंड्याच्या कितीतरी जाती, तिकडे एकच, त्यामुळे तो दिसला की आजूबाजूचे गोरे आजोबा एकदम हरखतात. आपण तेव्हा थोडा भाव खाऊन घ्यायला हरकत नाही.

आधी महिना बघा, मग जागा ठरवा. आपली माणसं बहुतेक मे-जूनमध्ये जातात, इथला उकाडा टाळायला. तेव्हा तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, बदकांची पिल्लं पाण्यात रांगेने फिरतात, चतुर उडत असतात, पण पाण्याकाठचं बोरू उंच वाढलेलं असतं आणि अर्धे पक्षी त्यात दडलेले, म्हणजे आवाज भरपूर आणि दर्शन कमी. थव्यांनी पक्षी बघायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उत्तरेकडून हजारो बदकं, हंस, गीज (बदकापेक्षा मोठे, लांब मानेचे पाणपक्षी) तेव्हा तिथे उतरतात, आपल्याकडे करमळीला पाहुणे येतात साधारण त्याच दिवसांत. फक्त डिसेंबरात तिथे चारच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे जेवूनखावून दुपारी निघू हा आपला हिशेब तिकडे चालत नाही, सकाळीच निघा.

लंडनमध्ये असाल तर सुरुवात वॉल्थमस्टो वेटलँड्सपासून करा. मेट्रोच्या व्हिक्टोरिया लाइनने टॉटनहॅम हेलला उतरायचं आणि थोडं चालायचं, आत जायला पैसे नाहीत. ही लंडनला पाणी पुरवणारी चालू जलाशयं आहेत, २०१७ साली लोकांसाठी खुली केली, मधल्या बेटांवर बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची मोठी वसाहत आहे. वाटा रुंद, सपाट. दुसरं म्हणजे बार्न्सचं लंडन वेटलँड सेंटर, जुनी व्हिक्टोरियन जलाशयं बदलून २००० साली सुरू केलेलं. तिथे तिकीट आहे, पण बसायला उबदार जागा, कॅफे, स्वच्छ टॉयलेट, गुडघे दुखणाऱ्यांसाठी हेच बरं. ऑनलाइन तिकीट काढताना गिफ्ट एड (देणगीवरचा टॅक्स सरकारकडून संस्थेला मिळायची सोय) घेणार का असं विचारतात, ते तिथे टॅक्स भरणाऱ्यांसाठी असतं. मुलगा स्वतःच्या पैशाने काढत असेल तर त्याने बघावं, तुम्ही पाहुणे असाल तर साधं तिकीट घ्या.

स्विंडनवाल्यांना तर घराजवळच कोट वॉटर आहे. १८२२ मध्ये कालव्याला पाणी पुरवायला बांधलेलं तळं, आता पार्क झालाय, काठावर १९३५ चा काँक्रीटचा डायव्हिंग प्लॅटफॉर्म अजून उभा आहे (उडी मारायला नाही, नुसता बघायला). रोजच्या संध्याकाळच्या फेरीला छान. गाडी असेल तर पुढे कॉट्सवोल्ड वॉटर पार्क, खडी काढून राहिलेल्या खड्ड्यांत पाणी भरून तिथे दीडशेहून जास्त तळी झालीत. आपल्याकडे डिचोली-सत्तरीतले खाणींचे खंदक आठवले ना, मलाही तेच आठवलं. काही तळ्यांवर बोटिंग, काही फक्त पक्ष्यांसाठी राखीव, तेव्हा निघण्याआधी कुठल्या तळ्यावर जायचं ते मॅपवर बघून घ्या, नाहीतर बदकं बघायला जाल आणि वॉटर स्कीइंग बघून याल.

पण एकच मोठी सहल करायची असेल तर ग्लॉस्टरशरमधलं स्लिमब्रिज. पीटर स्कॉट या माणसाने १९४६ मध्ये सुरू केलं, दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉटचा हा मुलगा. रशियाच्या आर्क्टिकमधून बेविक हंस हिवाळ्याला इथे येतात, आणि प्रत्येकाच्या चोचीवरची पिवळी-काळी नक्षी वेगळी असते हे लक्षात घेऊन स्कॉटने एकेक हंस ओळखून त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. हल्ली थंडी कमी झाल्याने हे हंस उशिरा येतात आणि कमी येतात, म्हणून त्यांच्यासाठीच जायचं तर जानेवारी धरा. एक लक्षात ठेवा, स्लिमब्रिजला पाळलेले पक्षीही खूप आहेत, फ्लेमिंगो वगैरे. हवाईची नेने गीज जवळपास संपलेली, तिची पैदास करून तिला वाचवण्यात या जागेचा मोठा हात. तेव्हा अगदी जवळ येणारे बरेचसे पाळीव, आणि खरे जंगली बघायचे तर नदीच्या बाजूच्या हाइडमध्ये (पक्षी बघायची लाकडी खोपी) जाऊन बसायचं. ट्रेनने कॅम अँड डर्स्ली स्टेशन आणि पुढे टॅक्सी, पण टॅक्सी आधी सांगून ठेवा, ते स्टेशन म्हणजे मडगाव नव्हे की बाहेर पडलं आणि दहा रिक्षावाले अंगावर आले.

बाकीच्या जागा थोडक्यात. केंब्रिजकडे कोणी असेल तर विकन फेन, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे १८९९ पासून, लाकडी फळ्यांची वाट आहे त्यामुळे चिखलात पाय जात नाही. रटलंड वॉटरला एप्रिल ते ऑगस्ट ऑस्प्रे दिसतो, मासे पकडणारा, जो आपल्याकडे हिवाळ्यात मांडवीवर घिरट्या घालतो. सॉमरसेटमध्ये हॅम वॉलला हिवाळ्यात संध्याकाळी भोरड्यांच्या भाऊबंदांचे, म्हणजे स्टार्लिंगचे प्रचंड थवे आकाशात वळणं घेतात. सफोकच्या मिन्समिअरला वसंतात बिटर्न नावाचा बगळ्यासारखा पक्षी घुमतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा आवाज, मैलभर ऐकू येतो आणि पक्षी मात्र दिसत नाही. लेक डिस्ट्रिक्ट सुंदर आहे, कोण नाही म्हणतो, पण ऑगस्टात विंडरमिअरला जाणं म्हणजे ३१ डिसेंबरला कळंगुटला जाणं, मी तरी सांगणार नाही.

आता तिथे गेल्यावर करायचं काय. हाइड म्हणजे पाण्याच्या कडेला लाकडी खोपी, आडव्या अरुंद खिडक्या, आत बाकडं. दार हळू लावायचं, मोबाइल सायलेंट, खिडकीतून हात बाहेर काढून बोट दाखवायचं नाही, आणि व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल करून मडगावच्या मावशीला तळं दाखवायचं असेल तर बाहेर येऊन दाखवा. सगळ्यात महत्त्वाचं, बसा. आपली माणसं दर पाच मिनिटांनी पुढच्या पॉइंटला निघतात आणि मग म्हणतात काही नव्हतं. एका हाइडमध्ये पाऊण तास बसलं की आधी रिकामी वाटणारी चिखलाची पट्टीसुद्धा पक्ष्यांनी भरलेली दिसायला लागते. शेजारी टेलिस्कोप घेतलेले आजोबा असतील तर हळूच विचारा, एनीथिंग अबाउट? (म्हणजे काही दिसतंय का?) एरवी बसमध्ये कोणाशी न बोलणारा इंग्रज इथे टेलिस्कोपमधून बघायला देतो, वर पक्ष्याचं नाव, वय, कुठून आला सगळं सांगतो. दुर्बीण घ्यायची तर ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या, मोठ्या सेंटरमध्ये कधीकधी भाड्यानेही मिळते.

पाण्यात उतरण्याबद्दल मात्र गंमत नाही. नदीत, तळीत पोहून मोठी झालेली आपली पोरं उन्हाळ्यात ते निळं पाणी बघून शर्ट काढतात. खडीच्या खड्ड्यांतलं पाणी वरून कोमट आणि खाली बर्फ, काठापासून दोन पावलांवर एकदम खोल, थंडीचा झटका बसला की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि चांगला पोहणारासुद्धा बुडतो. नो स्विमिंग पाटी असेल तिथे वाद नको. गरमीच्या दिवसांत पाण्यावर हिरवी साय दिसली तर पाय, हात, कुत्रा काहीच घालू नका, ते विषारी शेवाळ असू शकतं. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर चालायचं नाही, फोटोसाठीसुद्धा. उंच गवतातून जाताना पँट मोज्यात खोचा, गोचीड चावते आणि तिच्यातून लाइम रोग होतो, घरी आलं की पाय तपासा. मे-जूनमध्ये पिल्लं घेऊन असलेल्या हंसाच्या जवळ जाऊ नये, तो दिसतो शांत, धावून येतो.

कपडे थरांनी घाला, वर वॉटरप्रूफ जॅकेट, छत्री वाऱ्यात उलटी होते आणि हाइडमध्ये अडचण. चपला नकोत, हिवाळ्यात तर गमबूटच. शेतातून वाट जात असेल तर गेट जसं होतं तसं लावून जायचं, मेंढरं बाहेर गेली तर शेतकरी बोलेल आणि बरोबरच बोलेल. खेड्यातल्या बस रविवारी फार कमी, कधी नसतातच, म्हणून घरून निघण्याआधी परतीची बघा. ट्रेनचं ऑफ-पीक तिकीट बरंच स्वस्त, गर्दीची वेळ टळली की निघा.

डबा घरून न्या. पोळी-भाजी, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा, बाहेरच्या बाकावर बसून खा, सुकं बांगड्याचं किसमूर मात्र नको, वास लागतो. उरलेला ब्रेड बदकांना टाकायची आपल्या सगळ्यांना हौस, त्याने त्यांचं पोट भरतं पण पोषण नाही आणि न खाल्लेला ब्रेड पाणी घाण करतो. खायला घालायचंच असेल तर जिथे परवानगी आहे तिथे सेंटरच्या दुकानात दाण्यांची पिशवी मिळते का विचारा, मिळाली तर ती नातवाच्या हातात द्या.